भिकनआप्पांचा हीटर

भर उन्हाळ्यात, सुरतेत, पत्र्याच्या शेडखाली बसून मोटारीचा हीटर दुरुस्त करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो.

आमची डिंडोलीची सोसायटी म्हणजे बैठ्या घरांची रांग. प्रत्येक घरापुढे ओटा, ओट्यावर पत्रा. दुपारी तो पत्रा असा तापतो, की त्याच्याखाली कुत्रंसुद्धा बसत नाही. भिकनआप्पा बसत. अंगात बनियन, नाकावर एकावर एक असे दोन चष्मे, पुढ्यात उलटी घातलेली स्टीलची थाळी आणि थाळीवर सर्किटची एक हिरवी पट्टी. पोस्टकार्डाच्या निम्मी. गाडीच्या डॅशबोर्डखाली उताणं झोपून, पाय रस्त्यावर ठेवून, अर्धा दिवस शिव्या घालत त्यांनी ती काढली होती.

“हीटरना पंखा फिरत नही,” त्यांनी मला सांगितलं. मला म्हणजे अख्ख्या गल्लीला. आप्पांचं सगळं आयुष्य लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात गेलं. त्या खडखडाटात ओरडल्याशिवाय शेजारच्याला काही कळत नाही, म्हणून ते ओरडायला लागले आणि निवृत्त झाल्यावर थांबायचं विसरले. कानही निम्मे तिथेच राहिले.

“आप्पा, सुरतमध्ये हीटर कशाला हो?”

“गाडीमा शे. मंग तो चालाले नको?”

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे ते आधी गेले होते. तो आधी हसला, मग घाबरला. “काका, बधा एसी रिपेर करावे छे. तमारुं मगज फरी गयुं छे?” सगळं जग एसी दुरुस्त करून घेतं, तुमचं डोकं फिरलंय का, असं त्याचं म्हणणं. आप्पा म्हणाले, एसी नकोच, तो काढून टाक. त्या दिवसापासून गॅरेजवाला त्यांना लांबूनच रामराम करायचा.

आप्पांची एक खोड आधीच सांगायला हवी. बंद पडलेली वस्तू ते बघत नाहीत, उघडतात. चालू असली तरी उघडतात. “वरतीन काय समजस!” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझा मिक्सर एकदा नुसता जरा जास्त आवाज करत होता. आप्पांनी तो नेला, उघडला, जोडला आणि परत आणून दिला, सोबत एक स्क्रू. “हा उरला. कंपनीनं जास्तीना टाकेल व्हता.” मिक्सर त्यानंतर आवाज करेनासा झाला. कोणताच आवाज करेनासा झाला. मी साड्यांना लेस लावायचं काम घरी करते. माझं शिलाई मशीन मी तेव्हापासून आप्पा येताना दिसले की चादरीखाली झाकून ठेवते.

तर असा हा माणूस. पण त्यांच्या घराची खरी गंमत वेगळीच होती. त्या घरात दोघंच राहत, आप्पा आणि त्यांच्या सासूबाई, जिजामाय. आणि ती दोघं एकमेकांशी बोलत नसत.

भांडण नव्हतं. रीत होती. आमच्या खानदेशात जुन्या बायका जावयासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत, त्याच्याशी तोंड उघडून बोलत नाहीत. चार पाहुणे असतील तर ही रीत शोभते. दोनच माणसांच्या घरात तिचं काय होतं, ते मी रोज ऐकायची. कारण मधली भिंत पातळ आणि निरोप्याचं काम माझ्याकडे.

“सुनंदा, माय!” भिंतीपलीकडून जिजामाय. “पाव्हणास्ले सांग, च्या थंडा व्हई ऱ्हायना.”

पाव्हणे म्हणजे आप्पा. घर आप्पांचं, भाडं आप्पांचं, आणि पाहुणेही आप्पाच.

मी लेस बाजूला ठेवायची, ओट्यावर यायची. “आप्पा, चहा.”

“मामीस्ले इचार, साखर टाकी का?”

मामी म्हणजे सासूबाई. हा प्रश्न आप्पांच्या आवाजात जिजामायलाच काय, हायवेवरच्या ट्रकवाल्यालाही ऐकू गेलेला असायचा. तरी जिजामाय थांबायची. मी भिंतीला तोंड लावून म्हणायची, “साखर टाकली का विचारतायत.” मग ती उत्तर द्यायची. चहा तोवर खरंच गार झालेला असे.

हे असं कसं झालं, ते मला आमच्या ह्यांच्याकडून कळलं. आप्पांची बायको मंगला, जिजामायची एकुलती एक लेक. मूलबाळ नव्हतं. मंगला आजारी पडली तेव्हा जिजामाय गावाहून तिची सेवा करायला आली. एक पिशवी घेऊन आली होती. मंगला गेली. तेरावं झालं. पाहुणे पांगले. जिजामायला न्यायला कोणी आलंच नाही. गावी दीर वारला होता, त्याचा मुलगा इथे जवळच कामरेजला दुकान टाकून बसला होता, त्यानं फोनही केला नाही. आप्पांनी “जा” म्हटलं नाही, जिजामायनं “राहू का” विचारलं नाही. विचारणार कशी? बोलायची रीतच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आप्पांचा डबा भरून उंबऱ्यात ठेवला, आप्पांनी तो उचलला आणि कामावर गेले. तेवढ्यावर पुढची वर्षं निघाली.

मग जिजामायच्या किडन्या गेल्या.

डॉक्टरांनी डायलिसिस सांगितलं. आठवड्यातून तीनदा, कायमचं. आप्पांकडे ती गाडी तेव्हापासूनची. कोणा साहेबानं टाकून दिलेली, कधीकाळी पांढरी असावी. गल्लीतली पोरं तिला ‘डबो’ म्हणत. आप्पा पुढे, जिजामाय मागे, पदर ओढून, तोंड खिडकीकडे. जाताना कोणी बोलत नसे, येताना तर तिच्यात बोलायचं त्राणच नसे.

डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. लघवी होत नाही, प्यायलेलं अंगातच राहतं, छातीत चढतं. आणि हे सुरतच्या उन्हाळ्यात. आप्पा एका लहानशा वाटीनं पाणी देत. जिजामाय भिंतीपलीकडून मला फिर्याद करायची, “पाव्हणासनी मन्हं पानी बंद करं, सुनंदा. शत्रू असं करत नही.” कधी ती पदराचं टोक बादलीत बुडवून चोखत बसायची. ते आप्पांना दिसत नसे असं नाही. एक दिवस ते त्यांचा माठ उचलून माझ्याकडे घेऊन आले. “आमना घरमा जागा नही. ऱ्हाऊ दे तुन्हाकडे.” त्यांच्या घरात माणसं दोन आणि भांडी चार. मी माठ ठेवून घेतला. नंतर बघते तर आप्पा स्वतःही घरी पाणी पीत नसत. तहान लागली की रुमाल खांद्यावर टाकून माझ्या ओट्यावर येत, पाठ त्यांच्या घराकडे करून गटागटा पीत, मिशा पुसत आणि परत जात.

ह्या सगळ्यात हीटरचं खूळ कुठून आलं, ते कोणाला कळेना.

आप्पा समजावून सांगायचे. इंजिनाचं गरम पाणी डॅशबोर्डमागच्या जाळीतून फिरतं, ती जाळी तापते, पंखा त्या जाळीवरून वारा ढकलतो. “चूल पेटेल शे. फुकनारं कोणी नही.” पंख्याची मोटर ठीक होती. बॅटरीची वायर थेट लावली की ती फिरे. बिघाड त्या हिरव्या पट्टीत, पंख्याला वीज किती द्यायची ते ती ठरवते. गेल्या पावसाळ्यात खाडीचं पाणी गल्लीत शिरलं, तेव्हा ह्या ‘डबो’तही शिरलं होतं. पट्टीवर मिठासारखा पांढरा थर आला होता, दोन टाके सुटले होते.

आप्पांना लूमची नस न नस माहीत होती, इलेक्ट्रॉनिक्समधलं काही म्हणजे काही येत नव्हतं. त्यांनी पट्टी पेट्रोलनं धुतली. दात घासायच्या ब्रशनं घासली. डाग द्यायची सळई कोणाकडून तरी मागून आणली आणि पट्टी धरायला घरातली सांडशी घेतली. टाके दिले, ते इतके जाड की पट्टीला गांधील माशांनी घरं केल्यासारखं दिसत होतं. मग मोठ्या समारंभानं ती गाडीला जोडली आणि चावी फिरवली.

धूर निघाला. काळा, कडू, प्लास्टिकचा. आप्पा गाडीतून खोकत बाहेर पडले, एक चष्मा आत राहिला.

भिंतीपलीकडून आवाज आला, “सुनंदा, पाव्हणास्ले लागनं का, इचार. आणि सांग, मन्ही सांडशी काळी करी टाकी.”

“मामीस्ले सांग, सांडशी नवी आनसू.”

“सांग, माले नवी नको.”

आप्पा भंगार बाजारात गेले आणि मोडीत निघालेल्या दुसऱ्या कुठल्या गाडीची पट्टी घेऊन आले. तिचं तोंड ह्या गाडीच्या तोंडात बसेना. त्यांनी दोन्हीकडच्या वायरी कापल्या आणि हातानं जोडायला घेतल्या. रंग जुळत नव्हते. इकडची लाल तिकडे निळी. हे काम ते रोज दुपारी करत, डायलिसिसची दुपार सोडून. गल्लीतली माणसं जाता-येता म्हणत, “आप्पा, काश्मीरला निघालात का?” आप्पांना ऐकू यायचं नाही, किंवा यायचं.

मीही हसायची. हसण्यासारखंच होतं.

मग एकदा जिजामायचे पाय सुजले, चालता येईना. तिला धरून न्यायला बाई माणूस हवं होतं. आप्पा ओट्यावर येऊन उभे राहिले, पाणी पिऊन झालं तरी जाईनात. मी म्हटलं, येते मी.

डायलिसिसच्या हॉलमध्ये मी पहिल्यांदाच गेले. खाटांच्या रांगा, प्रत्येक खाटेशी एक मशीन, आणि एसी असा, की बाहेरचा उन्हाळा खोटा वाटावा. माणसाचं रक्त नळीतून बाहेर येतं, मशीनमधून फिरतं, परत आत जातं. बाहेर फिरून आलेलं रक्त गार होतं, असं तिथल्या नर्सनं सांगितलं. जिजामाय चार तास छताकडे बघत पडून होती. आप्पा बाहेर बाकावर. आत जावयानं जायचं नाही, सुयांसाठी तिचा दंड उघडा असतो.

परतीला ऐन दुपार होती. गाडी भट्टी झाली होती. मी मागे तिच्याशेजारी बसले, हात भाजला म्हणून काच खाली करायला गेले, तर तिनं माझं मनगट धरलं. तिचा हात बर्फासारखा होता. उन्हाळ्यात, बंद गाडीत, जिजामाय थरथर कापत होती. दातावर दात आपटत होते. तिनं पिशवीतून शाल काढली, ती पुरेना, मी माझी ओढणी दिली, तीही पुरेना.

“थंडी वाजस, माय,” ती माझ्या कानाशी म्हणाली. “हाडंमा शिरस. घर येईपर्यंत जात नही.” मग आणखी हळू, “त्यास्ले सांगू नको.”

मी समोर बघितलं. आरशात आप्पांचे डोळे होते, मागे लागलेले. आमची नजरानजर होताच त्यांनी ते रस्त्याकडे वळवले.

तिनं कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आरशात पाहिलं होतं, तेवढंच.

घरी आल्यावर मी त्यांना म्हटलं, “आप्पा, हीटर जिजामायसाठी आहे ना?”

“तू तुन्ही लेस लाव,” ते म्हणाले आणि तेही ओरडून नाही.

दुसऱ्या दिवशी मी माझं मशीन चादरीखाली झाकून सरळ त्यांच्या ओट्यावर गेले आणि वायरी धरून बसले. माझे हात बारीक कामाचे आहेत. आप्पा सांगत, मी पिळत होते. बरंच चुकत होतं. एकदा हॉर्न वाजायला लागला तो थांबेना, एकदा दिवे लागले. मग एका दुपारी आप्पांनी चावी फिरवली आणि डॅशबोर्डच्या जाळीतून आधी वर्षानुवर्षांची धूळ, मग एक वाळलेलं झुरळ, मग गोळ्यांचा चुरगळलेला कागद आणि मग वारा बाहेर आला. इंजिन जरा तापू दिलं. वारा गरम झाला. गरम म्हणजे, पोळ्या शेकाव्यात इतका.

आप्पांनी बटण कमी केलं. वारा तेवढाच. बंद केलं. वारा तेवढाच. त्यांच्या जोडणीत पंख्याला एकच वेग होता, वादळाचा, आणि गाडी चालू असेपर्यंत तो थांबत नव्हता. गाडी पेटली की हीटर पेटलाच.

“बंद करायचं काय?” मी विचारलं.

“कशाले?”

त्यानंतरच्या फेरीला मी सोबत होते. जाताना आप्पांनी पुढच्या जाळ्या कागद कोंबून बंद केल्या होत्या, येताना काढल्या. काचा सगळ्या वर. बाहेर डांबर वितळत होतं, आत जाळ. मी दोन मिनिटांत घामानं भिजले. आप्पांचं तर विचारूच नका. सदरा पाठीला चिकटला, कपाळावरचा घाम डोळ्यांत, डोळ्यांतला मिशीत. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं आत डोकावून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

पण जिजामायचे दात वाजायचे थांबले. अर्ध्या वाटेत तिनं शाल खांद्यावरून खाली सोडली. हात पुढे करून वाऱ्यात धरले, शेकोटीपुढे धरतात तसे. मग ती बराच वेळ आप्पांच्या मानेकडे बघत राहिली. मानेवरून घामाच्या धारा कॉलरमध्ये उतरत होत्या.

“पाव्हणा,” ती म्हणाली. माझ्याकडे न बघता. “तुमनी काच खाले करा. घामघाम व्हई ग्यात तुम्ही.”

इतक्या वर्षांत तिनं त्यांना उद्देशून काढलेला तो पहिला शब्द. पंख्याचा घोंगाट, आप्पांचे निम्मे कान. ऐकू गेलं की नाही, मला कळेना. गाडी पुढच्या वळणापर्यंत गेली. मग आप्पा समोर बघत, मोठ्यानं म्हणाले,

“सुनंदाबेन, मामीस्ले सांग, माले गरम व्हत नही.”

जिजामायनं पदर तोंडावर ओढला. ती हसत होती. मी तिला त्याआधी हसताना पाहिलेलं नव्हतं.

गोष्ट इथे थांबली असती तर बरं झालं असतं. पण हीटरनं थंडी जाते, किडन्या परत येत नाहीत. उन्हाळा संपायच्या आत जिजामायचं अंग पाणी धरायला लागलं. श्वास पुरेना. डॉक्टरांनी आप्पांना बाजूला घेऊन काही सांगितलं, ते आप्पांनी कोणाला सांगितलं नाही. त्या संध्याकाळी ते माझ्याकडून माठ परत घेऊन गेले. “जागा व्हई गई,” एवढंच म्हणाले. भिंतीपलीकडे तांब्या भरल्याचा आवाज मी ऐकला. जिजामाय त्या आठवड्यात पोटभर पाणी प्यायली. फिर्याद एकही आली नाही.

एक दिवस दुपारी चहाच्या वेळेला आप्पा माझ्या दारात उभे राहिले. इतक्या हळू बोलले, की मला आधी वाटलं दुसरंच कोणी आहे.

“सुनंदाबेन, जरा मामीस्ले हाक मार. च्या तशाच पडेल शे.”

“तुम्ही बघितलंत का आत जाऊन?”

“भाईरथून देखं.” ते उंबऱ्याकडे बघत होते. “मी कशी हाक मारू? मी त्यास्ले कधी हाक मारेल नही.”

मी गेले. ती भिंतीला टेकून बसली होती, माझ्या भिंतीला, पदर डोक्यावर नीट. शेजारी दोन कप, एकावर बशी झाकलेली. मी हाक मारली. मग हलवलं. मग मागे वळून बघितलं, तर आप्पा अजून बाहेरच उभे होते, माझ्याकडून निरोप यायची वाट बघत. तो निरोपही मलाच द्यावा लागला.

कामरेजचा पुतण्या तासाभरात हजर झाला. इतक्या वर्षांत ज्याला रस्ता सापडला नव्हता, तो गाडीतून चौघांना घेऊन आला आणि आल्या आल्या सगळं हातात घेतलं. आप्पा तिरडीकडे निघाले, तर त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “पाव्हणा, तुम्ही बसा. हे आमचं काम.” वागणं रीतीला धरूनच होतं. आमचे हे सांगत होते, स्मशानात आप्पा सगळ्यांच्या मागे, नळाजवळ उभे होते. अग्नी पुतण्यानं दिला. आईबापाच्या माघारी मुलगा डोकं आणि मिशी दोन्ही उतरवतो, त्यानं डोकं भादरलं. मिशी मात्र राखली. न्हाव्यानं वस्तरा ओठाकडे नेला तर म्हणाला, “मूंछ रहने दो, पंधरा दिवसांनी मेव्हण्याचं लग्न आहे.” दिवस त्यांनी कामरेजलाच घातले. आप्पांना तेराव्याचं बोलावणं आलं, पाहुण्यांना येतं तसं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी आणायला निघाले, तर कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये आप्पा बसलेले दिसले. ते सलून म्हणजे रस्त्याकडे उघडी टपरी, एक खुर्ची, एक आरसा. गळ्याभोवती पांढरं कापड, अर्धं डोकं भादरून झालेलं. मी थांबले.

आप्पांनी मला आरशात बघितलं. “उन्हाळा शे,” ते म्हणाले. “डोकं तापस.”

मी मान हलवली.

न्हावी उत्तर प्रदेशचा पोक्त माणूस. त्यानं उरलेलं डोकं साफ केलं, हातानं चाचपलं, ओला रुमाल फिरवला. कापड सोडायला लागला, तर आप्पा खुर्चीतून उठेनात. त्यांनी हनुवटी वर केली, डोळे मिटले आणि बोट मिशीवर ठेवलं.

न्हाव्याचा हात थांबला.

“मूंछ भी, चाचा?”

“मूंछ भी,” आप्पा म्हणाले.

न्हाव्यानं वस्तऱ्याचं पातं बदललं, वाटीत साबण फेसला आणि रेडिओ बंद केला.